पंच क्रमांक दोन

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, कुठं सही करायला सांगितली की ते आधी चष्मा मागायचे. मग कागद उजेडाकडे धरून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचायचे. इंग्रजी असला तर माझ्याकडून मराठीत वाचून घ्यायचे. एवढं सगळं झाल्यावर म्हणायचे, "उद्या बघू." सिंगापुरात सेरंगूनच्या आमच्या फ्लॅटवर पार्सल आणून देणारी माणसं त्यांना ओळखून होती. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी संमतीपत्राची चार पानं त्यांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतली आणि नर्स बिचारी ट्रॉलीला टेकून उभी राहिली. माझी पंधरा वर्षांची मुलगी कपाळाला हात लावायची. "आजोबा, जस्ट साइन लाह." आजोबा ढिम्म.

मी त्याला म्हातारपणाचा चक्रमपणा म्हणत होते. मी स्वतः चांगी बिझनेस पार्कमध्ये एका बँकेत कागद तपासायचं काम करते. खातं उघडणाऱ्याचा पत्ता खरा आहे का, सही जुळते का, कोण कुणाचा कोण लागतो, हेच दिवसभर बघायचं. घरी येऊन परत वॉशिंग मशीनच्या गॅरंटीचा कागद मोठ्यानं वाचायचा म्हणजे जिवावर यायचं. आई गेल्यावर अण्णांना मी इकडे आणलं, त्याला तीन वर्षं झाली होती. या तीन वर्षांत आमचं बोलणं झालं ते गोळ्या, जेवण आणि लिफ्ट कधी दुरुस्त होणार याबद्दल. बरं चाललं होतं.

इथं मराठी माणूस भेटला की पहिला प्रश्न ठरलेला, गाव कुठलं? मी वीस वर्षं जिल्ह्याचं नाव सांगून मोकळी होत आले आहे. कुणी खोदून विचारलंच तर "तिथंच जवळ" म्हणते. पुण्या-मुंबईच्या लोकांना तेवढं पुरतं. पण गणपतीत मंडळाच्या महाप्रसादाला मी वाढणाऱ्या बायकांत होते आणि अण्णा भिंतीकडच्या खुर्चीवर एकटेच बसले होते. मसालेभाताचं भांडं घेऊन एक बाई त्यांच्यापाशी वाकली. चाळिशीची, हिशेबतपासनीस, मंडळात दोन-तीनदा बघितलेली. तिनं विचारलं असणार, आणि अण्णांनी सरळ गावाचं नाव सांगितलं. वर बाजार समितीत मापाडी होतो हेही सांगितलं. मी पोचले तेव्हा ती म्हणत होती की माझे वडीलही तिथं मापाडीच होते. अण्णांनी त्यांचं नाव विचारलं नाही. मांडीवरची ताटली उचलून जमिनीवर ठेवली आणि रुमालानं हात पुसत बसले. हात कोरडेच होते.

आठवड्यानं तिचा मला ऑफिसात फोन आला. ती नऊ वर्षांची असताना तिचे वडील समितीच्या गोदामात गोण्यांच्या थप्पीखाली सापडून गेले. पोलिसांच्या पंचनाम्यात लिहिलं होतं की अंगाला दारूचा वास होता आणि शेजारी अर्धी बाटली पडली होती. तिची आई तिला घेऊन माहेरी गेली ती कायमची, कारण सासरी तिला दारू पिऊन मेलेल्याची बायको म्हणून उष्ट्या भांड्यांवर बसवलं. मोठी झाल्यावर हिनं पंचनाम्याची नक्कल काढली. खाली दोन सह्या होत्या. पंच क्रमांक एक केव्हाच वारला. पंच क्रमांक दोन माझे वडील.

हे सगळं ती अशा आवाजात सांगत होती, जसं आपण विजेचं बिल चुकीचं आलंय हे सांगतो. तिला कोर्टकचेरी करायची नव्हती. समितीचे त्या वेळचे सभापती मेले होते, त्यांचा मुलगा आता मोठा माणूस झाला होता, कोण उकरून काढणार? तिला एवढंच हवं होतं की ज्यानं तेव्हा बघितलं त्यानं बाटली होती की नव्हती ते कागदावर लिहून द्यावं. आई शहात्तर वर्षांची, हृदय अधू. "ताई, तीस वर्षं आई म्हणत होती की ते चहासुद्धा पीत नव्हते. आता गेल्या दिवाळीपासून म्हणायला लागलीय, असेल बाई, घेत असतील, मला कुठं कळणार." मग म्हणाली, "आई असं मानून जायला नको."

मी म्हटलं, अण्णांची तब्येत बरी नसते, बघते, सांगते. शनिवारी येऊ का म्हणाली, तर शनिवारी आम्ही बाहेर आहोत असं ठोकून दिलं. फोन ठेवून मी समोरची फाइल पुढे वाचायला घेतली.

मला काय माहीत होतं ते सांगते. आमचं गाव म्हणायला शहर, पण सगळं शेतमालाच्या जिवावर. बाजार समितीचं आवार चाललं तर गाव चालायचं. शेतकऱ्याची गोणी काट्यावर चढली की वजन मोठ्यानं पुकारायचं आणि पावतीवर मांडायचं, हे मापाड्याचं काम. मी बारावीला होते त्याच्या आगेमागे दोन वर्षं कांद्याचा भाव असा कोसळला की लोक ट्रॉल्या फाटकातच ओतून निघून जायचे. सगळ्या गावाला सडक्या कांद्याचा वास मारायचा. आम्हाला तो येईनासा झाला होता. मंदीत सगळेच खंगतात असं मला वाटायचं. आमच्याकडे मात्र काही घरं त्याच दोन वर्षांत दुमजली झाली. विहिरींवरच्या मोटारी चोरीला जायच्या आणि पेठेत एका दुकानात रंग मारून मिळायच्या, आणि ते दुकान नगरसेवकाच्या मेव्हण्याचं. फाटकातून ट्रॉली आत घ्यायला चार दांडगट पैसे मागायचे, आणि पोलीस चौकी त्याच फाटकाला लागून. काट्यात फरक करून ठेवला होता. गोणीमागं दोन किलो कुणाच्या घशात जातात हे शेंबड्या पोराला माहीत होतं. समितीचे सभापती, साखर कारखान्याचे संचालक आणि इंजिनिअरिंग कॉलेजचे संस्थापक ही तीन माणसं नव्हती, एकच होतं. त्यांच्याविरुद्ध ब्र काढायची कुणाची टाप नव्हती. अण्णाही रोज तोच काटा पुकारायचे.

वजनमापं खात्याला पत्र लिहिलं ते अण्णांच्या शेजारच्या काट्यावरच्या मापाड्यानं, म्हणजे हिच्या वडिलांनी. साहेब तपासणीला यायच्या आदल्या आठवड्यात ते गोदामात मेलेले सापडले. गाव दोन दिवस कुजबुजलं आणि मग कामाला लागलं. मी बारावीच्या निकालाची वाट बघत होते.

शनिवारी बाहेर आहोत म्हटलं म्हणून बाहेर जाणं भाग होतं. मी अण्णांना पुलाउ उबीनला घेऊन गेले. बारा माणसं जमल्याशिवाय बोटवाला बोट सोडत नाही, म्हणून धक्क्यावर अर्धा तास बसलो. पलीकडे उतरल्यावर भाड्याच्या सायकलींची दुकानं, पत्र्याच्या छपरांची जुनी घरं आणि चिखल. अण्णांना ते बेट आवडतं, कारण तिथं जमीन जमिनीसारखी दिसते. एका घराच्या ओट्यासमोर प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. मी दोन शहाळी घेतली.

अण्णांनीच विषय काढला. तिचा फोन आला होता ना, असं विचारलं. मी हो म्हटलं. मग बराच वेळ स्ट्रॉनं शहाळ्याचा तळ खरवडत त्यांनी सगळं सांगितलं, थांबत थांबत, पण सलग.

सकाळी आठचा सुमार होता. त्यांच्या काट्यापुढे ट्रॉल्यांची रांग लागली होती. हवालदारानं गोदामाच्या दारातून हाक मारली, मापाडी, जरा इकडं या. पंच म्हणून दोन माणसं लागतात. अण्णा याआधीही तीनदा पंच झाले होते, एकदा सायकलचोरीला, दोनदा गोण्यांच्या चोरीला. आमच्याकडे रीतच तशी होती. पंचानं कोऱ्या कागदाच्या तळाशी सही करायची आणि आपल्या कामाला जायचं. मजकूर हवालदार सवडीनं लिहायचा. वर चहा पाजायचा. त्याही दिवशी अण्णांनी दोन कोऱ्या कागदांवर सही केली, कारण मागून ट्रॉलीवाले ओरडत होते. हमालांनी गोण्या हलवल्या तेव्हा त्यांनी सगळं बघितलं होतं. बाटली नव्हती. वास होता तो कांद्याचा.

बारा दिवसांनी तहसीलदारांपुढे चौकशी होती. आदल्या दिवशी दुपारी सभापतींनी अण्णांना बंगल्यावर बोलावून घेतलं. धमकी नाही, काही नाही. बसायला खुर्ची दिली. त्या घरात मापाड्याला खुर्ची मिळाल्याचं अण्णांनी कधी बघितलं नव्हतं. मुलगी काय करते, असं विचारलं. बारावी झाली म्हटल्यावर किती पडले विचारलं. मग म्हणाले, आपल्या कॉलेजात पाठवा, फीबिची काळजी करू नका, शिकू दे पोरीला. उद्याच्या चौकशीबद्दल एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी तहसीलदारांनी पंचनामा वाचून दाखवला आणि अण्णांनी सांगितलं की सही माझी आहे, मजकूर वाचून केली आहे.

"कागदावरची सही चुकून झाली," अण्णा म्हणाले. "तहसीलदारापुढचं बोलणं चुकून नव्हतं."

मला काही वाटलं नाही. बढाई म्हणून सांगत नाही, खरंच नाही वाटलं. एकावन्न टक्के पडलेल्या मुलीला इंजिनिअरिंगला फुकट प्रवेश कसा मिळतो, हे न कळण्याइतकी मी बावळट कधीच नव्हते. घरात पेढे वाटले गेले नाहीत हेही मला आठवत होतं. मी विचारलं नाही, एवढंच. त्या डिग्रीवर पुण्यात नोकरी लागली, त्या नोकरीवर सिंगापूर, सिंगापूरवर हे घर. आता ओट्यावर बसून रडायला घेतलं असतं तर मलाच ते नाटक वाटलं असतं. समोर दोन कोंबड्या चिखल उकरत होत्या, त्यांच्याकडे बघत राहिले.

"तिला बोलव," अण्णा म्हणाले.

पुढच्या शुक्रवारी मी घरून काम करत होते. जेवण झाल्यावर अण्णांनी नातीकडून रेघांचे कागद मागून घेतले आणि जेवणाच्या टेबलावर बसले. चार वाजता मला हाक मारली. दोन पानं झाली होती. अक्षर थरथरतं, पण पावतीवर असायचं तसं सरळ. मी उभ्या उभ्या वाचलं. कोरे कागद, थप्पी, गोण्या, बाटली नव्हती, दारूचा वास नव्हता, चौकशीत खोटं सांगितलं. आणि खाली एक ओळ: "या बदल्यात माझ्या मुलीस सभापतींच्या कॉलेजात विनामूल्य प्रवेश देण्यात आला व तो मी घेतला."

मी म्हटलं, "अण्णा, ही ओळ नको."

त्यांनी का विचारलं. मी समजावून सांगितलं. तिला बाटलीचं हवंय, तेवढं तिला मिळतंय. प्रवेशाचं तिला काय करायचंय? हा कागद घरात राहणार नाही, फोटो काढून नातेवाइकांत फिरवतील, तिथून मंडळात येईल. माझी नोकरीच दुसऱ्यांचे कागद खरे की खोटे बघायची. पोरीला इथं शिकायचंय, मला इथं राहायचंय. मी आवाज चढवला नाही. ऑफिसात समोरच्याला जसं सांगते, मुद्देसूद, तसंच सांगितलं.

"कारण तेच होतं," अण्णा म्हणाले.

मी म्हटलं, असू दे. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पेनाचं टोपण लावलं. मला वाटलं उठतात आता. पण त्यांनी नवा कागद पुढे ओढला. लेखी कागदावर खाडाखोड चालत नाही, हे त्यांचं जुनं म्हणणं. दोन्ही पानं पहिल्यापासून पुन्हा लिहिली, मी सांगितलं तशी. त्याला संध्याकाळचे सहा वाजले. पहिली दोन पानं मी फाडून स्वयंपाकघरातल्या कचऱ्याच्या च्यूटमध्ये, म्हणजे थेट तळमजल्यापर्यंत जाणाऱ्या नळात, टाकली. आमचा मजला अकरावा. तिथून टाकलेलं काही परत येत नाही.

शनिवारी सकाळी ती आली. पेढ्यांचा डबा आणला होता, कुठल्या आनंदाचा देव जाणे. अण्णांना वाकून नमस्कार केला. त्यांनी कागद दिला आणि म्हणाले, दोन पंच लागतात. पहिली सही तिनं केली. पंच क्रमांक दोन म्हणून मी केली. वाचायची गरज नव्हती, मला तो पाठ होता.

मग तिनं आईला व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर एक वाळलेली म्हातारी, डोक्यावर पदर, मागे कॅलेंडर. फोन अण्णांच्या समोर पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला आणि अण्णांनी सगळं वाचून दाखवलं. पुकारायचे त्याच आवाजात, एकेक शब्द सुटा. बाटली नव्हती, हे वाक्य आलं तेव्हा म्हातारीनं डोळे मिटले. ती पुटपुटली, चहासुद्धा नव्हते घेत. मुलगी तोंडाला ओढणी लावून रडत होती. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. झालं एकदाचं, असं वाटलं.

अण्णांनी कागदाची घडी घातली. तेवढ्यात म्हातारीनं विचारलं. आवाजात राग नव्हता, खरोखरच समजून घ्यायचं होतं.

"मग भाऊजी, तुम्ही तेव्हा का नाही बोललात?"

अण्णांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. वाट बघत होते. मी डब्याचं झाकण लावत होते. ते एका बाजूनं बसत नव्हतं. मी ते परत काढलं आणि परत लावलं.

"घाबरलो, वहिनी," अण्णा म्हणाले.

म्हातारीनं लगेच मान हलवली. गरीब माणूस, पोराबाळांचा धनी, तुम्ही तरी काय करणार होता, आता मनाला लावून घेऊ नका, असं म्हणाली. जाताना मुलगीही तेच म्हणाली, काका, आम्ही तुम्हाला दोष देत नाही. अण्णांनी दोघींचं सगळं ऐकून घेतलं. तिला लिफ्टपर्यंत सोडायला मी गेले तेव्हा तिनं मला मिठी मारली. ताई, तुम्ही त्यांना तयार केलंत, तुमचे उपकार विसरणार नाही, असं म्हणाली. मी म्हटलं, अहो काहीतरीच काय.

तिची आई त्यानंतर दोन महिन्यांनी गेली. शेवटपर्यंत भेटायला येणाऱ्याला तो कागद दाखवायची, असं तिनं कळवलं. मी ते अण्णांना सांगितलं. ते बरं म्हणाले आणि टीव्हीचा आवाज थोडा वाढवला. आमचं बोलणं पुन्हा गोळ्यांवर आणि जेवणावर आलंय.

गेल्या महिन्यात अण्णांच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. नर्स तीच होती. संमतीपत्र बघून तिनं आधीच ट्रॉलीला टेकायची तयारी केली. मी पर्समधून चष्मा काढला आणि पहिलं पान वाचायला घेतलं, तर अण्णांनी माझ्या हातातून पेन घेतलं.

"कुठं करू?" त्यांनी विचारलं.

मी बोट ठेवलं तिथं त्यांनी सही केली.